गाडी काढा! – प्राणवायूच्या गावी



गेल्या अंकात या सदराची जागा गणेशोत्सवाच्या वर्गणीच्या आवाहनानं खाल्ली. तक्रार कुणाकडे करणार? आवाहन आम्हीच लिहिलं होतं. तेव्हा या वेळी थोडं ऐसपैस लिहीत आहोत. नव्या वाचकांसाठी पुन्हा एकदा खुलासा : या सदरात ‘आम्ही’ म्हणजे कधी आम्ही एकट्याच असतो, कधी सगळं घर, तर कधी गाडीत कोंबलेली सगळी मंडळी. संदर्भानं समजून घ्यावं.

‘गाडी काढा’चे नियम जुनेच. सकाळी निघून रात्री घरी यायचं, डबा घरचा न्यायचा, आणि आजी-आजोबांचे गुडघे बोलू लागतील इतक्या पायऱ्या चढायच्या नाहीत. नायगारावर इथं लिहायचं नाही. नायगाराचे फोटो सगळ्यांच्याच घरी आहेत आणि सगळ्यांच्याच फोटोत सगळे त्याच प्लॅस्टिकच्या रेनकोटात आहेत.

या खेपेला गाडी काढली ती आमच्या बाबांसाठी. बाबा सांगलीच्या एका हायस्कुलात बत्तीस वर्षं विज्ञान शिकवत होते. आम्ही पुढं रसायनशास्त्रात डॉक्टरेट केली आणि आता इथं औषधांच्या कंपनीत रसायनं ढवळून पोट भरतो, त्याचं मूळ त्यांच्या प्रयोगशाळेतल्या त्या एका डागाळलेल्या टेबलापाशी आहे. परीक्षानळीत पोटॅशियम क्लोरेट आणि मँगनीज डायऑक्साइड, खाली स्पिरिटचा दिवा, पाण्यावर उपडं ठेवलेलं वायुपात्र. मग बाबा विझत आलेली काडी आत घालायचे आणि ती भप्पकन पेटायची. दर वर्षी सगळा वर्ग ‘आ’ करायचा. दर वर्षी बाबा विचारायचे, “काय आहे हा?” आणि सगळे ओरडायचे, “प्राणवायू!” “कुणी शोधला?” “जोसेफ प्रीस्टले, सतराशे चौऱ्याहत्तर!”

आई गेल्या वर्षी गेली हे मंडळात बहुतेकांना ठाऊक आहे. आम्ही घाईनं निघालो तेव्हा घराच्या किल्ल्या, मुलीची शाळा, फ्रीजमधलं दूध, सगळं तुम्हीच पाहिलंत. बाबा यंदा मे महिन्यात आले, पहिल्यांदाच एकटे. आल्यापासून त्यांचं एकच पालुपद : “लेकीच्या घरी किती दिवस राहायचं माणसानं?” विमानतळावर सहा महिन्यांचा शिक्का मिळाला आहे, पण परतीचं तिकीट ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारचं काढूनच ते आले. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर रोज सकाळी चहाच्या आधी एक तारीख पेन्सिलीनं खोडतात. पेन्सिलीनं का, असं मुलीनं विचारलं, तर म्हणाले, “चुकली तर खोडता येते.” मास्तरच ते.

असो. श्रावणातला शनिवार होता. दोन व्हॅन, अकरा माणसं. आमच्या घरचे चौघे, मंडळाचे खजिनदार सहकुटुंब, आणि कार्यक्रम समितीच्या ताई, त्यांचे यजमान आणि दोन मुलं. साडेसहाला निघायचं ठरलं होतं, म्हणजे सव्वासातला निघालो. डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, दाण्याची चटणी, खजिनदारीणबाईंच्या शनिवारसाठी साबुदाण्याची खिचडी (जी सगळ्यांनीच खाल्ली), आणि दोन थर्मास चहा. आय-८० नं पश्चिमेला लागलं की डेलावेअर नदीच्या खिंडीत पूल ओलांडून पेनसिल्व्हेनियात शिरता येतं. तिथं टोल पडतो. खजिनदारांनी तो वहीत लिहून घेतला. आम्ही म्हटलं, ही खासगी सहल आहे. ते म्हणाले, “सवय वाईट.”

पुढं दोन तास डोंगर आणि झाडं, झाडं आणि डोंगर. डॅनव्हिलला हायवे सोडून रूट ११ नं नदीकाठानं खाली उतरलो, आणि बाबा पहिल्यांदा खिडकीकडे सरकले. दोन्ही बाजूंना डोक्याहून उंच मका. “लांबनं उसासारखाच दिसतोय बघ,” ते म्हणाले. इथल्या घरांबद्दल, रस्त्यांबद्दल, दुकानांबद्दल तीन महिन्यांत त्यांनी एक अक्षर काढलं नव्हतं. मक्यावर मात्र दहा मिनिटं बोलले : ओळींतलं अंतर, पाणी कुठनं देतात, एवढ्या शेतात माणूस एकही कसा दिसत नाही.

आपण जिला काउंटी म्हणतो तिला तालुका म्हणावं की जिल्हा, यावर गाडीत थोडा वाद झाला. नॉर्थम्बरलंड काउंटी १७७२ साली, म्हणजे हा देश स्वतंत्र होण्याच्याही आधी स्थापन झाली. सनबरी हे तिचं मुख्य ठिकाण. सस्क्वेहाना नदीच्या दोन शाखा, उत्तरेची आणि पश्चिमेची, इथं एकत्र येतात. त्या दोन्हींच्या बेचक्यात नॉर्थम्बरलंड नावाचं गाव आहे. एक मुख्य रस्ता, काही जुनी घरं, रेल्वेचे रूळ. आणि त्या गावात प्रीस्टले अव्हेन्यूवर एक पांढरं, लाकडी, दुमजली घर.

बाबांना आम्ही काही सांगितलं नव्हतं. दारापाशी पाटी होती. बाबांनी चष्मा पुसला, पाटी वाचली, आणि आमच्याकडे वळून म्हणाले, “हा तोच?”

“तोच,” आम्ही म्हटलं.

“तो इंग्लंडातला ना गं?”

इंग्लंडातलाच. पण इथं आला कसा, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात नव्हती, आणि आमच्या पीएच.डी.तही कुणी विचारली नाही. प्रीस्टले मुळात धर्मोपदेशक. तोही सरकारी चर्चच्या बाहेरचा, त्यात पुन्हा फ्रेंच राज्यक्रांतीच्या बाजूनं बोलणारा. १४ जुलै १७९१ ला बर्मिंगहॅममध्ये दंगल उसळली. जमावानं त्याचं प्रार्थनामंदिर जाळलं, घर उद्ध्वस्त केलं, प्रयोगशाळा फोडली, हस्तलिखितं जाळली. नवरा-बायको जेमतेम निसटले. लंडनमध्येही लोक अंतर राखून वागू लागले. तीन वर्षांनी, १७९४ मध्ये, एकसष्टाव्या वर्षी, हा माणूस बायकोला घेऊन जहाजात बसला. मुलं आधीच पुढं आली होती. इथं नदीकाठी आपल्यासारख्याच इंग्रजांची एक वसाहत उभारायचा त्यांचा बेत होता. तो बारगळला. वसाहत झालीच नाही. हे कुटुंब मात्र इथंच राहिलं. फिलाडेल्फियाच्या विद्यापीठानं रसायनशास्त्राची प्राध्यापकी देऊ केली, तीही त्यानं नाकारली.

घर दाखवायला सत्तरीच्या एक बाई होत्या, स्वयंसेवक. २००९ मध्ये राज्य सरकारच्या काटकसरीत हे संग्रहालय बंद झालं होतं. त्याच वर्षी शरदात गावातल्या आणि बाहेरच्या हितचिंतकांनी ते चालवायला घेतलं, असं त्यांनी सांगितलं. हे ऐकल्यावर खजिनदारांचा चेहरा एकदम उजळला. वार्षिक वर्गणी किती, सभासद किती, छपाईचा खर्च कुणाकडे, असे प्रश्न त्यांनी जिन्यापाशीच सुरू केले. बाईही रंगात आल्या. दोन संस्थांचे दोन कार्यकर्ते भेटले की प्राणवायू बाजूलाच राहतो.

प्रयोगशाळा घराच्या एका टोकाला आहे. टेबलावर त्या काळच्या पद्धतीची काचपात्रं, पाण्याची कुंडी, तिच्यात उपडी ठेवलेली बरणी. बाबा दोरीपाशी थांबले. “अगं, हे तर आपलं वायुपात्र,” ते म्हणाले. “कोनाडासुद्धा तसाच आहे बघ.” आमच्या मुलीला जवळ बोलावून त्यांनी धडा सुरू केला. बघता बघता ताईंची मुलं आली, मग ताई आल्या, मग एक अमेरिकन जोडपं येऊन उभं राहिलं. बाबा मराठीतून इंग्रजीत गेले आणि त्यांच्या लक्षातही आलं नाही. १ ऑगस्ट १७७४, बारा इंच व्यासाचं भिंग, पाऱ्याची लाल राख, तिच्यावर एकवटलेलं ऊन, आणि निघालेल्या हवेत मेणबत्ती अशी काही प्रखर जळली की प्रीस्टलेला काय बोलावं कळेना. स्वीडनमध्ये शीलनं हाच वायू त्याच्याआधी मिळवला होता, पण छापलं उशिरा. आमच्या धंद्यात अजूनही तेच चालतं : छापेल त्याचा शोध.

मग बाईंनी हळूच एक गोष्ट सांगितली, जी ऐकून बाबा गप्प झाले. प्राणवायू शोधणाऱ्या या माणसानं प्राणवायू कधी मानलाच नाही. वस्तू जळताना तिच्यातून ‘फ्लॉजिस्टन’ नावाचं काहीतरी बाहेर पडतं, असं तेव्हाचं मत. प्रीस्टले आपल्या वायूला ‘फ्लॉजिस्टन काढून घेतलेली हवा’ म्हणत राहिला. ऑक्सिजन हे नाव आणि खरा उलगडा लाव्हाझियेचा. तोही पॅरिसमध्ये प्रीस्टलेकडूनच जेवणाच्या टेबलावर प्रयोग ऐकल्यानंतरचा. सगळी दुनिया लाव्हाझियेच्या बाजूला गेली, तरी प्रीस्टलेनं या घरात बसून १८०० साली फ्लॉजिस्टनचं समर्थन करणारं पुस्तक छापलं. याच मुक्कामात त्यानं लोखंडाची जळ आणि कोळसा एकत्र तापवून एक जळणारा वायू मिळवला आणि तो आपल्या बाजूचा पुरावा म्हणून पुढं केला. तो होता कार्बन मोनॉक्साइड. त्याचाही अर्थ दुसऱ्यानंच लावला, इंग्लंडमधल्या क्रुकशँकनं.

“बत्तीस वर्षं पोरांना सांगितलं, प्रीस्टलेनं प्राणवायू शोधला,” बाबा बाहेर पडताना म्हणाले. “त्याला स्वतःला ते पटलं नव्हतं, हे नाही सांगितलं.”

“पुस्तकात नव्हतं, बाबा.”

“मला तरी कुठं ठाऊक होतं? पण सांगायला पाहिजे होतं. पोरांना बरं वाटलं असतं.”

आमच्या यजमानांना वेगळीच गोष्ट भावली. १७९८ मध्ये परकीयांना देशाबाहेर काढायचा कायदा झाला आणि प्रीस्टलेच्या परखड लिखाणामुळे त्याच्यावर तो लावावा असं परराष्ट्रमंत्री पिकरिंग यांच्या मनात होतं. अध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांनी नकार दिला म्हणून निभावलं. शेवटपर्यंत तो या देशाचा नागरिक झाला नाही. “म्हणजे याचंही पेंडिंगच!” आमचे हे म्हणाले. ग्रीनकार्डाच्या रांगेतली जी मंडळी हे वाचत असतील त्यांना हा विनोद कळेल. हसू येईलच असं नाही.

आता जे लिहायचं आहे ते लिहावं की नाही, असं दोन दिवस चाललं होतं. बाबांना विचारलं. ते म्हणाले, “खरं आहे ते लिही.”

घराचा आराखडा मेरी प्रीस्टले यांनी केला होता. फिलाडेल्फियाचं शहरी जगणं त्यांना नको होतं. ही नदीकाठची जागा आवडली होती. कुठली खोली कुठं, सामान कुठलं आणायचं, हे त्या ठरवत होत्या. डिसेंबर १७९५ मध्ये त्यांचा धाकटा मुलगा हॅरी अठराव्या वर्षी तापानं गेला. पुढल्या सप्टेंबरात त्या स्वतः गेल्या. घर तेव्हा अर्धवट होतं. पूर्ण झालं १७९८ मध्ये.

बाई हे सांगत होत्या तेव्हा आम्ही बाबांकडे पाहायचं टाळलं. आमचं हल्लीचं घर घेतलं ते दोन वर्षांपूर्वी. व्हिडिओ कॉलवर आईनं ते खोलीखोलीनं पाहिलं होतं. ओट्याच्या उजव्या हाताला देव ठेव, तिथं सकाळचं ऊन येतंय, हे तिनंच सांगितलं. मागच्या दारी पुदिना लाव, तुळशीला थंडी बाधेल पण पुदिना मरत नाही, हेही तिचंच. बाकी येऊन बघते म्हणाली होती.

बाबांनी बाईंना विचारलं, त्यांच्या त्या शाळामास्तरी, स्वच्छ इंग्रजीत : “आफ्टर दॅट, हू वॉज लिव्हिंग विथ हिम?”

बाई म्हणाल्या, मुलगा, सून आणि नातवंडं. सगळे याच घरात. तो सकाळी प्रयोगशाळेत, मग पुस्तकं. फेब्रुवारी १८०४ मध्ये इथंच वारला.

बाबांनी मान हलवली. पुढच्या खोलीत गेले. त्यावर त्यांनी आणखी काही विचारलं नाही आणि आम्हीही काही बोललो नाही.

एक धंद्यातली माहिती सांगून या घरातून बाहेर पडतो. १ ऑगस्ट १८७४ ला, प्राणवायूच्या शोधाला शंभर वर्षं झाली म्हणून, अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ या आडगावात जमले. त्या भेटीत पडलेल्या ठिणगीतून दोन वर्षांनी, १८७६ मध्ये, अमेरिकन केमिकल सोसायटी स्थापन झाली. आम्ही दर वर्षी जिची वर्गणी भरतो ती. खजिनदार म्हणाले, “बघा, वर्गणी भरायचं मूळ कुठं आहे ते!”

नदीकाठी डबे उघडले. जेवण झाल्यावर पलीकडच्या डोंगरावर, शिकेलमी स्टेट पार्कच्या कड्यावर गेलो. तो भाग खरं तर शेजारच्या युनियन काउंटीत मोडतो, पण नॉर्थम्बरलंड पाहायचं ते तिथूनच. गाडी थेट वरपर्यंत जाते, पायऱ्या नाहीत. खाली दोन्ही नद्या, मधलं बेट, पूल, आणि मिसळून दक्षिणेला निघालेला रुंद प्रवाह. बाबा कठड्याला टेकून उभे राहिले. “हरिपूर,” ते म्हणाले, एवढंच. सांगलीकर नसलेल्यांसाठी : सांगलीजवळ हरिपूरला कृष्णा आणि वारणा मिळतात, काठाला संगमेश्वराचं देऊळ आहे. बाबा आणि आई लग्नानंतर पहिल्यांदा फिरायला तिथंच गेले होते, सायकलवर डबलसीट. हे आम्हाला आईनं सांगितलं होतं. बाबांनी नाही.

सनबरीत नदीच्या बाजूनं लांबच लांब भिंत आहे. १९३६ च्या पुरात गाव बुडालं, मग ही पूरभिंत बांधली. १९७२ च्या अ‍ॅग्नेस वादळात पाणी भिंतीच्या माथ्यापाशी आलं, पण गाव वाचलं. २००५ आणि २०१९ ला सांगलीत पाणी शिरलं तेव्हा आपण सगळे इथून रात्ररात्र फोन लावत होतो. २०१९ ला आईबाबा चार दिवस वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे होते. बाबांनी भिंत हातानं थोपटून पाहिली आणि ‘काँक्रीट बरं आहे’ असा शेरा दिला.

याच गावात एक हॉटेल आहे. आपल्यातले निम्मे लोक एडिसन नावाच्या गावात राहतात, त्यांना हे सांगायलाच हवं. ४ जुलै १८८३ ला थॉमस एडिसननं तीन तारांची वीजपद्धत पहिल्यांदा या सनबरीत चालवून दाखवली आणि हे हॉटेल उजळलं. तेव्हा ते सिटी हॉटेल होतं, पुढं त्याला एडिसनचंच नाव दिलं. दोनऐवजी तीन तारा घेतल्या तर तांबं वाढेल असं वाटतं, पण उलट निम्म्याहून अधिक वाचतं. का, ते लिहिलं असतं, पण संपादक आमच्या सदराची पानं मोजतात.

तिथून एलिझबर्गच्या वाटेवर खरी काउंटी लागली. कोठारं, सायलो, सोयाबीन, चढ-उतारांवर शिवलेले पट्टे. एका वळणावर झाडाखाली टेबल, त्यावर मक्याची कणसं, टोमॅटो, पीच, आणि एक पत्र्याचा डबा. भाव पुठ्ठ्यावर लिहिलेले. माणूस नाही. आम्ही पैसे टाकून पिशवी भरली. बाबा डब्याजवळ उभेच. “कुणी डबाच उचलून नेला तर?” मुलीनं सांगितलं, “नाही नेत, आजोबा.” “आणि सुटे नसले तर?” “मग जास्त टाकायचे.” बाबांनी यावर विचार केला. मग खिशातून स्वतःचं पाकीट काढलं आणि एक डॉलर आणखी टाकला. कशाबद्दल, ते सांगितलं नाही. तीन महिन्यांत या देशात त्यांनी स्वतःच्या हातानं केलेला हा पहिला खर्च.

एलिझबर्गचं नोबल्स पार्क हा मुलांचा हट्ट होता. त्यावर थोडक्यात : १९२६ पासून चालू आहे, आत जायला पैसे नाहीत, गाडी लावायला पैसे नाहीत, पाळण्यांची तिकिटं तेवढी घ्यायची. खजिनदार तिथं राहायला जायला तयार आहेत. फिनिक्स नावाचा लाकडी रोलर कोस्टर मूळचा टेक्ससमधला; सुटा करून इथं आणला आणि १९८५ मध्ये पुन्हा उभारला. आम्ही बसलो आणि त्याबद्दल बोलू इच्छित नाही. १९१३ चं मेरी-गो-राउंड मात्र चुकवू नका. बाहेरच्या घोड्यावर बसलं की हात लांबवून लोखंडी कड्या खेचता येतात. पितळेची हाती लागली तर फेरी फुकट. आमच्या मुलीनं बाबांना बळंच घोड्यावर बसवलं. बाबांनी एकूण सात कड्या काढल्या, सगळ्या लोखंडी.

भाजलेली कणसं आणि आम्ही घरून नेलेलं तिखटमीठ-लिंबू खाऊन साडेसातला परत निघालो. येताना प्रीस्टलेची आणखी एक देणगी आठवली : पाण्यात वायू मिसळून सोडावॉटर कसं करावं, हे त्यानं १७७२ साली छापलं होतं. म्हणजे सांगलीच्या स्टँडवरचा गोटी सोडा ही याच घराण्यातली गोष्ट. बाबा म्हणाले, “तुझ्या आईला लिंबू सोडा लागायचा. गोटी फुटली की दचकायची.” मग बराच वेळ गाडीत कुणी बोललं नाही. मुलं झोपली होती.

जाणाऱ्यांसाठी : मध्य न्यू जर्सीतून तीन तास धरा. प्रीस्टलेचं घर वर्षभर रोज उघडं नसतं, म्हणून आधी फोन करून वेळा विचाराव्यात. चहा घरून न्यावा.

सहल इथं संपली, पण एक गोष्ट राहिली. रविवारी सकाळी उठलो तर बाबा मागच्या दारी. कालनिर्णयावरची तारीख खोडायची राहिली होती. त्यांनी माळ्यावरची लोणच्याची मोठी बरणी, परात, मेणबत्ती आणि मुलीचं भिंग जमा केलं होतं. परातीत पाणी, मध्ये मेणबत्ती, वर बरणी उपडी. मेणबत्ती विझली, पाणी बरणीत चढलं. बाबा नातीला म्हणाले, “एक पंचमांश प्राणवायू संपला, म्हणून पाणी तेवढं चढलं.”

इथं आमच्यातली डॉक्टरेट उफाळून आली. आम्ही म्हटलं, बाबा, ते तसं नाही. मेणबत्ती विझते तेव्हा आत बराच प्राणवायू शिल्लक असतो. पाणी चढतं ते मुख्यतः आधी तापलेली हवा थंड होऊन आकसते म्हणून.

बाबांनी आमच्याकडे पाहिलं. “हे कधीपासून?”

“पहिल्यापासूनच.”

“मग इतकी वर्षं बोलली नाहीस?”

“मार्क कापले असतेत.”

ते हसले. मे महिन्यापासून पहिल्यांदा असे हसले. मग पुदिन्याचा एक तुरा मुळासकट उपटून, वाटीत पाणी घालून, त्यांनी तो पाण्याखालून अलगद बरणीत सरकवला आणि सगळं ओट्याजवळच्या खिडकीत, देवांच्या शेजारी, सकाळच्या उन्हात ठेवलं. हा प्रयोगही प्रीस्टलेचाच. १७ ऑगस्ट १७७१ ला त्यानं मेणबत्ती विझलेल्या हवेत पुदिना ठेवला, आणि २७ तारखेला त्याच हवेत दुसरी मेणबत्ती छान जळली.

मुलीनं बोटांवर मोजलं. “म्हणजे दहा दिवस, आजोबा. पण तुमचं विमान तर आठव्या दिवशी आहे.”

बाबा काही बोलले नाहीत. बरणी जरा उन्हात सरकवली.

हा मजकूर संपादकांकडे आजच द्यायचा आहे. आज पाचवा दिवस. पुदिना ताजा आहे, एक नवं पान फुटलं आहे, बरणीला आतून दव धरलं आहे. मुलगी शाळेच्या वहीत नोंदी ठेवते आणि आजोबा खाली सही करतात. काल रात्री जेवताना बाबांनी आमच्या ह्यांना विचारलं, “जावईबापू, तिकिटाची तारीख पुढं ढकलायची तर पैसे फार पडतात का हो? दोनच दिवसांचा प्रश्न आहे.”